पोच मिळेल, उत्तराचे विचारू नका

सोमवारी आमच्या नगरपरिषदेच्या आवक-जावक खिडकीवर जे घडले ते लिहून काढल्याखेरीज माझा रक्तदाब खाली येणार नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर गटारांची झाकणे मागच्या पावसाळ्यापासून गायब आहेत, त्याच पट्ट्यातले पथदिवे बंद आहेत आणि संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुले अंधारात त्या उघड्या गटारांच्या कडेने चालतात, एवढ्याच मजकुराचे निवेदन मी घेऊन गेलो होतो. खाली आळीतल्या रहिवाशांच्या सह्या होत्या. प्रति, विषय, महोदय, आपले विश्वासू, सारे जागच्या जागी होते.

खिडकीमागच्या बाईंनी निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. आवक विभागाने कागद नोंदवायचा असतो, त्याचे परीक्षण करायचे नसते, पण आमच्याकडे बहुधा कागदाची खरी छाननी तेवढ्या एकाच खिडकीवर होते, पुढे त्याला कोणी हात लावत नाही. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, हे एका विभागाचं नाहीये. झाकणं बांधकामकडे, लाइट विद्युतकडे. दोन वेगळे अर्ज द्या." मी म्हणालो की मूल पडते तेव्हा अंधारात आणि गटारात एकाच वेळी पडते, त्याला विभागवार पडता येत नाही. त्यावर त्यांनी सह्या तपासायला घेतल्या. सह्यांपुढे मोबाइल क्रमांक नव्हते. ह्या सह्या ह्याच लोकांच्या कशावरून, असा प्रश्न आला. ज्या नगरपरिषदेला माझी घरपट्टीची थकबाकी पैशापर्यंत पाठ असते, तिला माझ्या शेजाऱ्याची सही खरी वाटत नाही, हे मी तिथेच बोलून दाखवले आणि प्रकरण आणखी चिघळले.

मग पोच. मी झेरॉक्स प्रत पुढे सरकवली तेव्हा बाईंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्याकडे उसने पैसे मागितले. "पोच कशाला? ठेवून जा की, साहेबांकडे जाईल." पोच कशाला हे ज्याला कळत नाही त्याने आयुष्यात एकदाही सरकारी कार्यालयात कागद दिलेला नाही. बरीच हुज्जत झाल्यावर शिक्का निघाला. तारखेचा शिक्का होता, महिन्याचे चाक अडकलेले, त्यामुळे माझ्या निवेदनावर डिसेंबर महिना उमटला. बाईंनी पेनाने डिसेंबर खोडून त्यावर चालू महिना लिहिला, खाडाखोडीवर सही केली नाही, आणि शाई इतकी वाळलेली की गोल शिक्क्यातला "नगर" तेवढा वाचता येतो, परिषदेचा पत्ता नाही. आवक क्रमांक विचारला तर म्हणाल्या, "तो नंतर पडतो." कधी पडतो, कुठे पडतो, पडल्यावर मला कोण सांगणार, ह्याची उत्तरे मिळाली नाहीत. उद्या मी वरच्या कार्यालयात गेलो आणि हा कागद दाखवला, तर तो मी घरी बटाट्याचा ठसा मारून तयार केला आहे असे कोणीही म्हणू शकेल.

इथे माझा आवाज चढला. मी माहितीचा अधिकार अधिनियम २००५ काढला, दप्तर दिरंगाईचा कायदा काढला, त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्तीही काढली. चौऱ्याहत्तरावीपर्यंत पोहोचलो होतो तोच मागून एक तरुण बाप शांतपणे म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना, मला पोराचा जन्मदाखला पाहिजे." रांगेतली माणसे हसली. शिपायाने मला पाण्याचा ग्लास आणून दिला. संपूर्ण इमारतीत माझ्या निवेदनावर झालेली ती एकमेव तातडीची कार्यवाही.

त्याच वेळी आतल्या दालनात एका पक्षाचे पदाधिकारी निवेदन देत होते. त्यांना खिडकी लागत नाही. मुख्याधिकारी खुर्चीतून उठतात, एका कागदाला सात-आठ हात लागतात, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, कागदाकडे कोणीच बघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर "निवेदन देताना पदाधिकारी" असा फोटो येतो. मला ह्या फोटोंची मनस्वी चीड आहे. ज्याचा हात कागदापर्यंत पोहोचत नाही तो पुढच्याच्या कोपराला धरतो. त्या निवेदनांचेही पुढे काय होते असे एकदा मी त्यांच्यापैकी एकाला विचारले होते, तर तो म्हणाला, "पुढे काय व्हायचंय? दिलं ना."

आणि प्रश्न विचारायचा म्हटले तर कुठे विचारायचा? गावात राहणाऱ्या माणसाला निदान ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्यांपैकी एखाद्या सभेत तो उभा राहून सरपंचाला हिशोब विचारू शकतो, भले सभा कोरमअभावी तहकूब होवो. शहरात राहायला आलो आणि आमचे तोंड बंद झाले. सर्वसाधारण सभेत नागरिकाला बसता येते, बोलता येत नाही. विषयपत्रिकेच्या शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" अशी एक ओळ असते, त्या ओळीतून कोणाची कोणती कामे आत शिरतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण त्यात उघड्या गटाराचा विषय कधी शिरल्याचे ऐकिवात नाही. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, म्हणजे शहरातल्या माणसालाही आपल्या भागात बसून नगरसेवकासमोर बोलता यावे. आमच्या प्रभागात ती भरल्याचे मी पाहिलेले नाही आणि आळीतल्या जुन्याजाणत्यांनीही पाहिलेले नाही.

प्रशासकाच्या कारकिर्दीत काही विचारले की "सध्या बॉडी नाही", म्हणजे निवडून आलेले नगरसेवक नाहीत, हे उत्तर ठरलेले असे. वर्षानुवर्षे ते ऐकले. मग डिसेंबर २०२५ मध्ये एकदाच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळला, बॉडी आली. आता सांगतात, "नगरसेवकांमार्फत या." नगरसेवक सांगतात, "निवेदन द्या, मी पाठपुरावा करतो."

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात त्या दिवसाचा, अनुभवही पदरी आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, इथवर ठीक. पण त्याच्या नियमांत तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी असे लिहिलेले आहे. मागे पाण्याच्या वासाबद्दलचे आमचे निवेदन घेऊन मी गेलो तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने ह्याच अटीवर बोट ठेवून ते परत केले, कारण वास सगळ्या आळीला येत होता. तो फक्त माझ्या एकट्याच्या नळाला आला असता तर लोकशाहीने माझे म्हणणे ऐकून घेतले असते.

ऑनलाइन तक्रार केली नाही का, असे विचारणाऱ्यांनी कृपया माझ्यापासून चार हात लांब राहावे. ती केली होती. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आली आहे, सबब निकाली काढण्यात येत आहे," असा संदेश आला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की तक्रार निकाली. त्यानंतर टपालाने एक पत्रही आले, त्यात "आपल्या स्तरावरून नियमानुसार उचित कार्यवाही करून केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अर्जदारास कळवावा" असे होते. पत्र अभियंत्याच्या नावाचे, पाकीट माझ्या नावाचे. म्हणजे मी माझ्या स्तरावरून झाकणे बसवून तसे मला कळवायचे होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर ह्या साऱ्या व्यवहारात एवढाच मार्ग व्यवहार्य दिसतो.

घरी ह्या सगळ्या पोचपावत्यांची एक फाइल आहे, तारीखवार लावलेली, आणि सूनबाई पाहुण्यांना ती दाखवते. आळीतले लोक सही द्यायला नाही म्हणत नाहीत, पण वाचत कोणी नाही. परवा एका आजींनी सही करून झाल्यावर विचारले, "रेशनचं आहे ना रे हे?" मी हो म्हणालो. सही महत्त्वाची.

आता त्या सोमवारच्या निवेदनाचा आवक क्रमांक काय, ते कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा मारला, हे माहितीच्या अधिकारात विचारणार आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवले आहेत. अडचण एवढीच की महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसला पाहिजे, आणि माझा मसुदा चारशेच्या पुढे गेला आहे. "बेजबाबदार", "निर्लज्ज" आणि "कोडग्या" हे तीन शब्द काढले, तरी फारसा फरक पडलेला नाही.