पास्टर सांगतील तिथे मत? तुमच्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली, लगेच लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं म्हणून चार दिवस थांबलो. तुमचं म्हणणं असं की मी ‘माहिती घेऊन मत द्या’ असं लिहितो पण स्वतः पास्टर सांगतील तिथे मत टाकतो, समलिंगी आणि ट्रान्स लोकांबाबत मी ज्याला श्रद्धा म्हणतो तो सरळ द्वेष आहे, आणि उद्या माझ्याच मुलीने घरी येऊन ‘मी त्यांच्यातलीच’ असं सांगितलं तर काय करणार. तिसऱ्याकडे शेवटी येतो.

श्रद्धा मला लपवायची नाहीये. मी नगरचा, मिशन कंपाउंडात वाढलेला, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. लग्न एक पुरुष आणि एक स्त्री ह्यांचंच असं मी मानतो, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ‘नर व नारी’ मी आहे तसं घेतो, आणि शरीर हे देवाचं देणं आहे, ते आपण ठरवायचं नसतं असं मला मनापासून वाटतं. पण नुसती ओढ वाटणं म्हणजे पाप नव्हे हेही मला चर्चमध्येच शिकवलंय. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायातली जी यादी समलिंगी लोकांच्या तोंडावर फेकली जाते ना, तिच्यातच लोभी, दारुडे आणि निंदा करणारेही बसलेत. लोभावर शेवटचं प्रवचन कधी ऐकलं मला आठवत नाही. इथे तुमचा राग मला मान्य आहे, एकाच पापाबद्दल आम्ही इतका आवाज चढवतो की समोरच्याला द्वेषच ऐकू येणार.

आता मताचं. २०१५ साली आम्ही ह्यूस्टन शहरात भाड्याने राहायचो. मे २०१४ मध्ये सिटी कौन्सिलने ११ विरुद्ध ६ मतांनी एक समान हक्कांचा ऑर्डिनन्स, म्हणजे भेदभावाविरुद्धचा शहराचा कायदा, पास केला होता, हिरो म्हणायचे त्याला. मग तो रद्द करायला विरोधकांची सह्यांची मोहीम, कोर्टकचेरी, आणि शेवटी टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकतर रद्द करा नाहीतर लोकांसमोर ठेवा. मधल्या काळात शहराच्या वकिलांनी त्या खटल्यासाठी पाच पास्टरांची प्रवचनं समन्स काढून मागवली होती, टीका झाल्यावर मेयर अनिस पार्करनी ती मागे घेतली, पण आमच्यातल्या कित्येकांचं मत तिथेच ठरून गेलं, माझंही. त्यात ट्रान्स स्त्रियांना उद्देशून विरोधकांची ‘बायकांच्या बाथरूममध्ये पुरुष नकोत’ ही घोषणा, जिकडे बघावं तिकडे तीच पाटी. मी ‘नाही’ टाकून आलो, सुमारे ६१ टक्के लोकांनी तेच केलं.

ऑर्डिनन्स वाचला तो त्यानंतर. तोही आमच्या चर्चच्या क्वायरमधल्या, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटातल्या, एका काळ्या भावाने विचारलं म्हणून. उपासना संपल्यावर खुर्च्या आवरताना तो म्हणाला, कातडीच्या रंगावरून घर नाकारलं तर शहराकडे तक्रार करायची सोय त्यात होती, ती पण तू पाडलीस, माहीत होतं का? मला माहीत नव्हतं. त्यात एकूण १५ गोष्टी होत्या, वंश, वय, अपंगत्व, गरोदरपण, अगदी लष्करातली नोकरीसुद्धा, आणि लैंगिक कल व जेंडर आयडेंटिटी (माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो ते) ह्या त्यातल्या दोन. धार्मिक संस्थांना सूट होती. बाथरूमचा वेगळा परिच्छेद तर पास व्हायच्या आधीच काढलेला. मला पटत नव्हतं ते दोनांपुरतं, मी पाडले पंधराच्या पंधरा. सगळं वाचून कदाचित ‘नाही’च म्हटलं असतं, पण मग त्या भावाला तोंड देऊन सांगता आलं असतं की का.

तेव्हापासून मी आधी सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, छापून घेतो. इथे मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही, कागदावर लिहून नेलेलं चालतं. २०२० पर्यंत एक बटण दाबलं की सगळी मतं एका पक्षाला जायची, ती सोय आता नाही, प्रत्येक जज (इथे जजही निवडून येतात), प्रत्येक जागा खालपर्यंत बघत जावी लागते. आमच्या डायनिंग टेबलावर तो कागद आठवडाभर पडलेला असतो, बायकोची टिकमार्कं निळ्या पेनाची, माझी पेन्सिलीची, आणि सगळी जुळत नाहीत. पास्टरांचं ऐकतो मी, पण टिक माझी असते.

हे छोटं वाटत असेल तर ह्यूस्टनजवळच्या केटी गावाचं बघा, आता आम्ही तिथेच राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये इथल्या स्कूल बोर्डाने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, ४ विरुद्ध ३ मतांनी पॉलिसी पास केली की मुलाने शाळेत आपली वेगळी जेंडर ओळख सांगितली तर शाळेने पालकांना कळवायचं. एका खुर्चीचा फरक! आणि त्या खुर्च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत भरल्या होत्या, अशा निवडणुकांच्या तारखा आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नसतात, तुमच्या बाजूच्याही आणि माझ्याही. मी त्या पॉलिसीच्या बाजूचा आहे, मूल आईबापांचं आहे, शाळेचं नाही. पण काही घरांत ते पत्र पोचलं की मुलाला मार बसेल किंवा घराबाहेर काढतील, हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि आमच्या बाजूचे लोक त्यावर बोलत नाहीत. बोर्डापुढे बोलायला मला जेव्हा मिनिटं मिळतील तेव्हा मी हेच विचारणार आहे, की अशा घराचं काय करणार.

आता माझी मुलगी. ती १४ वर्षांची आहे. तिने असं काही सांगितलं तर माझी श्रद्धा बदलणार नाही आणि तिचं ताटही टेबलावरून हलणार नाही. तिचं शेवटपर्यंत ऐकून घेईन, रडू येईल ते तिच्यासमोरच येईल. फक्त ते मला तिच्या तोंडून कळावं, शाळेच्या ईमेलमधून नको.