दिवाळीत ग्रामोफोन द्यायचा तर वाजणारा द्या

दिवाळी जवळ आली की आमच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. पिवळाधम्मक पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी, समोर कुत्र्याचा बिल्ला. खाली प्रश्न: "बाबांना पाडव्याला द्यावा म्हणतो, कसा वाटते?"

राजेहो, स्पष्ट सांगतो, घेऊ नका. असले बहुतेक ग्रामोफोन जुने नसतातच. कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबलची मोटर नव्या पेटीत बसवायची, वर नवा कर्णा चढवायचा आणि "साहेब, इंग्रजांच्या जमान्यातला आहे" म्हणून गळ्यात मारायचा. बिल्ल्याच्या स्क्रूपाशी नख लावून बघा, काळपट पॉलिशखालून कोरं लाकूड दिसतं. पूर्ण चावी देऊन तबकडी लावली तर अर्ध्यातच स्प्रिंग दम टाकते आणि गाणाऱ्या बाईचा आवाज उतरत उतरत पुरुषी होतो.

दिवाणखान्यात शोभेला काहीतरी हवं असेल तर समई घ्या ना! ग्रामोफोन ऐकण्यासाठी असतो. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, त्याने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. गाणं संपताच गौहर जान ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते ऐकाच. तेव्हा माइक नव्हता, विजेवरचं मुद्रण 1925 च्या सुमारास आलं. त्याआधी सगळे कर्ण्यात तोंड घालून गायचे, म्हणून साथीची वाद्यं कुठेतरी लांब वाजल्यासारखी येतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या लोकांनी तेवढ्यात तो उभा केला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. मला तर आजच्या कित्येक मैफिलींपेक्षा तेवढंच पुरतं.

फोनवर हे सगळं फुकट मिळतं, मान्य. पण मशीनवर दर बाजूला सुई बदला, चावी द्या, तबकडी पालटा. एवढी खटपट केल्यावर माणूस गाणं अर्धवट सोडून उठत नाही.

द्यायचाच तर एचएमव्हीचा 102 पोर्टेबल शोधा, 1931 पासूनचं मॉडेल. बॅगेसारखा मिटतो, बाहेर कर्णा नाही, म्हणून फोटोत मार खातो. पैसे देण्याआधी एक बाजू शेवटपर्यंत वाजवून घ्या, दुकानदार कितीही घाई करो. एलपी, म्हणजे नंतरची प्लास्टिकची तबकडी, मात्र त्यावर चुकूनही लावू नका, सुई धरणारा जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई पहिल्याच खेपेला तिची वाट लावते.

आणि हो, या तबकड्या लाखेच्या. आपल्याकडचा 45 अंशांचा मे महिना त्यांना मानवत नाही. गच्चीखालच्या खोलीत तिरप्या टेकवल्या तर पापडासारख्या वाकतात. सरळ उभ्या ठेवा. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

बजेट नसेल तर सुयांची एक डबी आणि दोन धड तबकड्या, ज्याच्याकडे मशीन आहे त्याला द्या. माझ्याकडे आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.