‘दुकानदार’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

नमस्कार.

मित्रानं गाडी ठोकली तर खर्च कुणी करायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, दोन दिवस जाऊ द्या. जाऊ दिले. पण जे खुपलं होतं ते अजून खुपतंच आहे, तेव्हा लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं म्हणणं एवढंच होतं की मागून नेलेल्या गाडीचं नुकसान झालं तर खर्च नेणाऱ्यानं करायचा, पूर्ण करायचा, आणि मालकाला तोंड उघडावं लागायच्या आत करायचा. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘लेखकाला मैत्री कळलेली नाही. मित्राकडे भरपाई मागणारा माणूस मित्र नव्हे, दुकानदार. गाडी दिली तेव्हाच मालकानं धोका पत्करला. विमा मग कशासाठी घेतात? आणि ब्रेक मालकाचेच खराब असले तर? शिवाय दंडाचा आकडाही चुकलाय.’

आधी आकड्याचं. तिथे तुमचं बरोबर आहे. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकाला हजार रुपये दंड, असं मी लिहिलं होतं. ती जुनी रक्कम झाली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो दंड ५,००० रुपये आहे, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे मनापासून.

आता ‘दुकानदार’.

हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात. तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण माझे वडील दुकानदार होते. कराडला आमचं किराणा मालाचं दुकान होतं, अण्णांनी ते बत्तीस वर्षं चालवलं. माझं शिक्षण त्या गल्ल्यातून झालं, बहिणीचं लग्न त्या गल्ल्यातून झालं. तेव्हा दुकानदार म्हणजे काय हे मला तुमच्यापेक्षा थोडं जवळून ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला चारचौघांत उधारी मागायची नाही, हा अण्णांचा नियम होता. महिना उलटला तरी ते हटकायचे नाहीत. वही गल्ल्याशेजारी असायची, ज्याला द्यायचे तो यायचा आणि म्हणायचा, ‘अण्णा, माझं पान काढा.’ २०११ साली अण्णा गेले. दुकान बंद केलं तेव्हा वहीत एकेचाळीस हजारांची उधारी होती. आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आजी वाठारहून एसटीनं आली, तिनं पदराची गाठ सोडून ३४० रुपये मोजून आईच्या हातावर ठेवले आणि चहा न घेता गेली. तिला कुणी निरोप धाडला नव्हता. तिच्या पाठोपाठ अजून किती जण आले! मैत्रीत हिशेब आला की मैत्री संपते म्हणता. आमच्या घरात माणसं हिशेबामुळेच टिकली.

आणि तुम्ही ज्या मुद्द्यावरून मला हिणवलंत, त्या मुद्द्यावर अण्णांनी मला काय शिकवलं तेही सांगतो.

१९९७ सालचा जुलै. लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखत होती. एसटीनं वेळेत पोचणं जमेना म्हणून वर्गमित्राची हिरो होंडा सीडी १०० मागून घेतली. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते, गाडी हप्त्यावर घेतलेली, निम्मे हप्ते अजून जायचे होते. मुलाखत झाली. परत येताना कुंभार्ली घाटात वरच्या अंगाला डोंगरातून लाल चिखल वाहत रस्त्यावर आला होता. वळणावर पुढचं चाक गेलं. मी एका बाजूला, गाडी घसरत कठड्याला. मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचा हेडलाइट फुटला, लेगगार्ड आत दबला, टाकीला पोचा आला, हँडल वाकडं झालं. ती ढकलत, जमेल तिथे सोडत हेळवाकपर्यंत आलो आणि तिथून दुधाच्या टेम्पोत घालून कराडला आणली.

रात्री नऊला दुकान बंद करायच्या वेळी मी ओल्या कपड्यांनी दारात उभा. अण्णांनी लागलं का ते विचारलं. नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, ‘त्याला सांगितलंस?’ म्हटलं, सकाळी सांगतो, आधी गाडीचं काय ते बघतो. अण्णा म्हणाले, ‘त्यानं विचारायच्या आत सांगून ये. जेवण नंतर.’ तसाच गेलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं पुढच्या चाकाचा चिमटा खोलला. शॉकअपचे दोन्ही पाइप काढून फरशीवर लोळवून दाखवले. एक सरळ लोळत गेला. दुसरा दर फेरीला उचकत, लंगडत फिरला. तो म्हणाला, हे प्रेसवर सरळ करून देईन, पण खड्ड्यात पुन्हा धोका देईल, नवीनच घाला. नवीन घातला. सगळं मिळून २,२५० रुपये झाले. १९९७ साली आमच्या घरात ही रक्कम लहान नव्हती.

अण्णांनी गल्ल्यातून पैसे मोजून दिले आणि लाल बांधणीच्या उधारीच्या वहीत नवीन पान काढलं. वर ‘श्री’, त्याखाली ‘चि.’ लावून माझं नाव, आणि पुढे ‘नावे रु. २,२५०’. माझ्या आधीच्या पानावर कोपऱ्यावरच्या शिंपीमामांचं खातं होतं, पुढच्या पानावर शाळेच्या शिपायाचं. लोट्याची नोकरी मिळाली नाही. मी एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलो आणि महिन्याला १५० रुपये जमा करत गेलो. पंधरा महिने. शेवटचा आकडा जमा झाला तेव्हा अण्णांनी पानावर आडवी रेघ मारली. ती वही माझ्याकडे आहे. आणि मित्राला बिल किती झालं हे मी आजतागायत सांगितलेलं नाही, कारण अण्णांनी बजावलं होतं, ‘त्याला फक्त चावी द्यायची, आकडा द्यायचा नाही.’

अशा माणसाच्या धंद्याचं नाव घेऊन तुम्ही मला कमी लेखलंत. लिहिण्याआधी घटकाभर विचार करायला हवा होता.

आता ‘भरपाई मागणारा’ हा शब्द. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात का, असा मला प्रश्न पडला. कारण मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. २०१९ साली माझ्या एका जवळच्या मित्रानं लग्नासाठी माझी वॅगन आर फलटणला नेली. रात्री उशिरा आणली, डावी बाजू भिंतीला लावून उभी केली आणि चावी वॉचमनकडे देऊन गेला. सकाळी ऑफिसला जाताना गाडी बाहेर काढली तेव्हा दिसलं: बंपर फाटलेला, हेडलाइट तडकलेला, फेंडर आत गेलेला. फोन केला तर म्हणाला, ‘अरे हो, सांगणारच होतो. इन्शुरन्स असेलच ना?’ मी म्हटलं, आहे. विषय संपला. त्यानंतर मी एक रुपयाही मागितला नाही, आणि हे लेखात स्पष्ट आहे. तरी चार महिन्यांत त्याचे फोन कमी झाले. दिवाळीच्या फराळाला आला नाही. तेवीस वर्षांची ओळख. मी मागितलं असतं तर कदाचित भांडण होऊन मिटलंही असतं. न मागता गेलं, आणि तुम्ही मलाच मागणारा ठरवता?

‘विमा मग कशासाठी घेतात’ हे तुमचं वाक्यही त्याच मित्राच्या तोंडचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बिल १६,००० रुपयांचं झालं. बंपर ३,२००, हेडलाइट २,८००, फेंडर २,४००, बाकी ७,६०० मजुरी आणि रंगकाम. गाडी सहा वर्षांची. जुनेपणापोटी विमा कंपनी जी रक्कम कापते तो घसारा. प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के, म्हणजे बंपर आणि हेडलाइटचे ३,००० माझ्या खिशातून. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्यावर ४० टक्के, म्हणजे फेंडरचे ९६०. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,०००. झाले जवळजवळ पाच हजार. आणि खरी मेख पुढे आहे. सलग पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे मला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात तेवढी सूट, मिळत होती. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो, आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढत ५० वर जायचं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा माझा हप्ता बोनस धरून ३,४०० होता, बोनसशिवाय ६,८००. पहिल्या वर्षी ३,४०० जास्त, मग २,०४०, मग १,७००, १,०२०, ३४०. बेरीज ८,५००. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो म्हणून हजारभर कमी धरा. तरी १६,००० च्या बिलातले बारा-साडेबारा हजार माझेच. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, गाडी बदलली तरी त्याच्यासोबत जातो. तो मी पाच वर्षं सांभाळून चालवून कमावला होता. ‘इन्शुरन्स आहे ना’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याला पावती येत नाही.

‘गाडी दिली तेव्हाच धोका पत्करला’ याबद्दल. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर जबाबदारी मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर येते, हे मी लेखात लिहिलंच आहे. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कंपनीनं भरलेले पैसे ती मालकाकडून वसूलही करू शकते. म्हणजे मालक आधीच पुरेसं ओझं घेऊन चावी देतो. त्यावर पत्र्याचा खर्चही त्यानंच सोसावा म्हणता?

सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ साली कर्नाटकातलं एक प्रकरण आलं होतं. मागून घेतलेल्या मोटारसायकलवरून एक माणूस चालला होता. पुढची लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. त्याच्या बायकोनं भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं की गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा असतो, म्हणून चूक कुणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याला तिसरा पक्ष, म्हणजे मालकाच्या विम्यातून भरपाई मिळणारा बाहेरचा माणूस, धरता येत नाही. २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. हा निकाल विम्याबद्दल आहे, गॅरेजच्या बिलाबद्दल नाही, हे मला कळतं. वकिली शिकवू नका. पण सीटवर बसलेला माणूस तेवढ्या वेळापुरता मालक असतो, हे न्यायालयाला दिसतं आणि अण्णांना दुकानात बसून दिसत होतं. तुम्हाला का दिसू नये?

ब्रेकचं फार लिहीत नाही. माहीत असलेला दोष सांगणं मालकाचं काम आहे, १८७२ च्या करार कायद्यातही ते आहे. मित्राच्या सीडी १०० चा मागचा ब्रेक जरा ढिला होता आणि त्यानं मला ते सांगितलं नव्हतं. तरी आम्ही पैसे भरले. तो विषय आमच्या घरात निघालाही नाही.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही विचारलंत की असे विचार असतील तर मित्राला गाडी देताच कशाला. देतो. गेल्या जूनमध्ये तोच सीडी १०० वाला मुलीच्या ॲडमिशनसाठी सांगलीला माझी गाडी घेऊन गेला होता. संध्याकाळी सातला त्याचा फोन आला, अजून पेठ नाक्यावरच होता. म्हणाला, ‘डाव्या आरशाला चरा गेलाय रे, ट्रकवाला घासला. उद्या येताना आरसा घेऊनच येतो, तुझं मॉडेल कुठल्या सालचं ते सांग.’ मी म्हटलं, २०१३. आणि मुलीचं काय झालं विचारलं. मिळालं होतं, सिव्हिल इंजिनीअरिंगला.