उपग्रहावर ‘लोड’ येत नाही

भारताचा सामना आला की एक मेसेज हमखास फिरतो : ‘कोट्यवधी लोक एकदम टीव्ही लावतात, उपग्रहावर लोड येतो, म्हणून डीटीएचवर चित्र खराब दिसतं. उपाय : मोठी छत्री, भारी एचडीएमआय केबल, नाहीतर सरळ 4के टीव्ही.’ चित्र खराब दिसतं एवढं खरं. बाकीचं तपासू.

आधी लोड. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला खाली कोण बघतंय याचा पत्ताच नसतो. घरची छत्री सिग्नल फक्त घेते, वर काही पाठवत नाही. दहा घरांत टीव्ही चालू असो की दहा कोटी, त्याला फरक पडत नाही. लोड येतो मोबाइल ॲपवर, कारण तिथे प्रत्येकाला सर्व्हरकडून वेगळा प्रवाह जातो. ॲपचं दुखणं इथे डीटीएचच्या माथी मारलंय.

मग मैदानावरचं गवत हिरव्या लापशीसारखं का दिसतं? गर्दी वर असते खरी, पण ती चॅनेलांची. उपग्रहावर सिग्नल घेऊन पुन्हा खाली पाठवणारी यंत्रं असतात, त्यांना ट्रान्सपॉन्डर म्हणतात. एका ट्रान्सपॉन्डरची क्षमता अनेक चॅनेलांत वाटलेली असते आणि हे वाटप सहसा क्षणोक्षणी बदलतं. वृत्तनिवेदक नुसता बसून बोलतोय, त्याचं थोडक्यात भागतं. उरलेले बिट्स, म्हणजे डिजिटल माहितीचे तुकडे, हालचाल असलेल्या चॅनेलला. सगळ्यांना एकदम गरज पडणार नाही, या भरवशावर हा कारभार चालतो. क्रिकेट तो भरवसा मोडतं. कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळला की गवतापासून स्टँडमधल्या गर्दीपर्यंत अख्खी चौकटच सरकते. त्यातून तोच सामना हिंदी, तमिळ, तेलुगू अशा वेगवेगळ्या चॅनेलांवर असतो. त्यातले दोन-तीन एकाच ट्रान्सपॉन्डरवर असले, तर सगळे एकाच क्षणी हात पसरतात. बिट्स पुरत नाहीत, चित्र दाबून लहान करणारा एन्कोडर बारकावे पुसून टाकतो. कॅमेरा स्थिर झाला की तेच गवत पुन्हा नीट दिसायला लागतं, बघा. थोड्या जागेत फार चॅनेल कोंबले जातात अशी तक्रार असेल, तर ती रास्त आहे. मेसेजात नेमकी तीच नाही.

मोठी छत्री? डिजिटल सिग्नल क्षीण झाला म्हणून चित्र धूसर होत नाही. एका मर्यादेपर्यंत चुका आपोआप दुरुस्त होतात. ती ओलांडली की चित्र फुटतं, आवाज तुटतो, पडदा थिजतो. आपलं डीटीएच केयू बँड या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालतं आणि त्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. कोकणात जुलैमध्ये मोठी छत्री थोडा जास्त वेळ तग धरेल, पण गवत स्पष्ट करणार नाही.

4के टीव्हीचा सल्ला तर एसडी, म्हणजे एचडी नसलेले साध्या दर्जाचे चॅनेल बघणाऱ्यांसाठी उलटाच. एसडी चित्र फार तर 720 × 576 ठिपक्यांचं, 4के पडद्यावर 3840 × 2160, म्हणजे बरोबर वीसपट. दर वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरणार, आणि पडदा मोठा असेल तर दोष जास्तच उठून दिसणार. एचडी बॉक्स घेऊनही जुन्या सवयीने एसडीचाच क्रमांक दाबणारी घरं कमी नाहीत. आधी तो क्रमांक बघा.

राहिली एचडीएमआय केबल. ती बिघडली तर पडद्यावर ठिणग्या उडतात किंवा चित्रच जातं. धूसर होत नाही. केबलवर खर्च करायचाच असेल तर छत्रीपासून बॉक्सपर्यंत येणाऱ्या केबलवर करा. तिचा गच्चीवरचा कनेक्टर पावसाळ्यात गंजतो, आणि ऐन शेवटच्या षटकात चित्र फुटतं ते बऱ्याचदा त्यामुळे.