विटाळाची भीती सिनेमाने आणलेली नाही
‘बॉडी हॉरर’, म्हणजे देहातल्या भयावह बदलांतून भीती उभी करणारे चित्रपट, हे पाश्चात्त्य विकृतीचे पीक आहे, ते पाहून मुली हिंसक होतात, स्वतःच्या देहाची घृणा करू लागतात आणि म्हणून मासिक पाळीसारखे विषय पडद्यावर येऊच नयेत, अशा आशयाचा संदेश सध्या गोव्यातल्या मराठी कुटुंबांच्या गटांतून फिरत आहे. डिचोलीच्या माझ्या ताईने तो वाचून १८ वर्षांच्या भाचीचा इफ्फीला, म्हणजे पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाण्याचा बेत मोडला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पाश्चात्त्यपणाचा आरोप एका उदाहरणानेच कोसळतो. मलेशियाच्या दिग्दर्शिका अमांडा नेल यू यांच्या ‘टायगर स्ट्राइप्स’ या चित्रपटाला २०२३ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातील क्रिटिक्स वीक या विभागाचा मुख्य पुरस्कार मिळाला. त्यातल्या १२ वर्षांच्या झफानला मैत्रिणींच्या आधी पाळी येते, तिच्या देहात वाघीण जागी होते, मैत्रिणी तिला वाळीत टाकतात आणि शेवटी भूत उतरवायला एक भोंदू शाळेत येतो.

सर्वांत घातक मुद्दा घृणेचा आहे. ब्रायन डी पाल्मा यांच्या १९७६ च्या ‘कॅरी’मध्ये शाळेच्या न्हाणीघरात पाळी आलेली मुलगी भेदरून मदत मागते, कारण आईने तिला त्याविषयी कधी काही सांगितलेलेच नसते, आणि वर्गातल्या मुली तिच्यावर पॅड फेकत हसतात. तिला भेदरवले ते घरातल्या मौनाने. चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली जात असताना अचानक बाजूला बसवलेल्या आपल्याकडच्या मुलीलाही कोणी कारण सांगत नाही; तिला फक्त ‘शिवू नकोस’ एवढेच ऐकू येते. ही घृणा तिने कोणत्या चित्रपटातून घेतली?

हिंसेच्या दाव्याला संदेशात एकही आधार दिलेला नाही. हे चित्रपट लहान मुलांसाठी नसतात आणि काही दिग्दर्शक बाईचा देह निव्वळ किळस आणण्यासाठी वापरतात, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते.

उरली बंदीची मागणी. मलेशियात ‘टायगर स्ट्राइप्स’ कात्री लावूनच प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटाचा गाभाच काढून टाकला आहे आणि ही आवृत्ती आपली नाही, असे दिग्दर्शिकेने जाहीरपणे सांगितले. ताई, भाचीला पणजीला जाऊ दे, आणि जमल्यास तूही तिच्या शेजारी बसून असा एखादा चित्रपट पाहा.