श्वास, निःश्वास आणि पायताण

परवा सकाळी सातच्या सुमाराला, सांगलीच्या आमराईतल्या बाकावर, मला एका परक्या माणसाचं पायताण हुंगवण्यात आलं. मी पूर्ण शुद्धीत होतो. हे आधीच सांगतो, कारण गावात सध्या वेगळंच चाललंय.

झालं होतं एवढंच, की बी.पी. जरा वर दिसलं. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, आधी सवयी बदला. आणि हातात एक छापील कागद दिला. रोज अर्धा तास चाला. झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. बातम्या कमी बघा. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी रात्री वहीत लिहा. आणि दीर्घ श्वसन करा: चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सात मोजेपर्यंत रोखायचा, आठ मोजत तोंडानं सोडायचा. ही चार-सात-आठची रीत अँड्र्यू वाइल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गाजवली, मूळ आपल्याच प्राणायामातलं. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात, त्यात बुवाबाजी काही नाही. फक्त वाइलसाहेब सांगलीत कधी बाकावर बसले नसावेत.

डोळे मिटले. चार झाले. श्वास रोखून पाचापर्यंत पोचलो आणि कानाशी आवाज आला, "काय ओ, काय होतंय?"

श्वास रोखलेला माणूस बोलणार कसा? मी नुसता हात वर केला. थांबा, या अर्थी.

"हात वर केला! बोलता येईना ह्यास्नी! आरं या की हिकडं!"

तेवढ्यात माझे सात संपले आणि मी नियमाप्रमाणे तोंडानं फूऽऽ करून श्वास सोडला.

"गेला, गेला!"

डोळे उघडले तर समोर माकडटोपी, स्वेटर, धोतर आणि काठी. अण्णा. मार्केट यार्डात उभी हयात हळदीची अडत केलेला माणूस, त्यामुळे आवाज सौद्याचा. तो बाकापुरता निघतच नाही. पलीकडं हास्यक्लबवाले हात वर करून हसत होते, ते हसणं अर्ध्यात टाकून धावले. एक काकू म्हणाल्या, साखर उतरली असणार, आणि मी तोंड उघडायच्या आत खडीसाखरेचा खडा आत गेला. ट्रॅकसूटमधले एक गृहस्थ अॅटॅकच्या बाजूचे होते. अण्णांनी दोघांनाही मोडीत काढलं. "फीट हाय ही. माझ्या मेव्हण्याला येत हुती. बाजूला व्हा." आणि वाकून त्यांनी पायातलं काढलं.

कोल्हापुरी होतं. टाचेला झिजलेलं, अंगठा लख्ख उमटलेला, पावसाळा खाऊन वर तेल प्यायलेलं. नाकाला आधी कातडं लागलं, मग एरंडेल, आणि सगळ्यात शेवटी अण्णा.

मी ताडकन उठलो. टाळ्या पडल्या.

"मला काही झालेलं नाही! मी श्वास घेत होतो!"

"श्वास तर घ्यायलाच पायजे की," अण्णा पायताण घालत म्हणाले. "त्याला बसायला कशाला पायजे?"

"मन शांत करत होतो."

"कशानं बिघडलंय? आडनाव काय? गल्ली कुठली?"

सांगितलं. चूळ भरायलासुद्धा न सोडता त्यांनी माझा भाडेकरू, माझी पेन्शन आणि सासरवाडी काढून घेतली.

"पोरगं काय करतंय?"

"पुण्यात असतो."

"मग बरोबर हाय," अण्णा जमलेल्यांकडं वळून म्हणाले, आणि सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या.

आता, खरोखर फीट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही म्हणजे काही कोंबायचं नाही. बहुतेक झटके दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतात. नेमक्या तेवढ्याच वेळात कुणीतरी पायताण सोडून नाकाशी आणतो आणि पिढ्यान्‌पिढ्या श्रेय पायताणाला जातं. पण हे अण्णांना सांगणार कोण?

रात्री वही उघडली. वहीचा उपाय पोकळ नाही, एमन्स आणि मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली त्यावर रीतसर अभ्यास छापलाय. मी लिहिलं: एक, पायताण कातड्याचं होतं, रबरी नव्हतं. दुसरी गोष्ट बराच वेळ सुचेना. शेवटी खडीसाखर लिहिली.

आणि खरं सांगू का, तो कागद वाचतानाच डोकं तापतं. 'बातम्या कमी बघा.' हे ऑगस्टमध्ये गावभागात जाऊन सांगून दाखवा! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ साली ते ५७ च्याही वर गेलेलं आम्ही पाहिलंय. तेव्हापासून पावसाळ्यात इथं चहाच्या आधी 'कोयनेतनं किती सोडलं?' विचारतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा म्हणे! रात्री दोनला पाण्याचा मेसेज आला तर तळमजल्यावरचा फ्रीज काय दीर्घ श्वसनानं वर चढणार आहे? हे कागद छापणाऱ्यांना वाटतं, काळजी माणसाच्या डोक्यात तयार होते. आमची वरनं धरणातून सोडतात, क्युसेकमध्ये.

पुढची ओळ, 'शांत, एकांत जागी बसा.' घरी आईची मालिका, वर ड्रिल मशीन, म्हणून तर आमराई गाठली होती. 'कुणाशी तरी मन मोकळं करा' हे त्यातल्या त्यात जमण्यासारखं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. मुख्य म्हणजे फोनवरून कुणाला पायताण पुढं करता येत नाही.

पण मी नंबर फिरवायच्या आत मलाच फोन आला. मिरजेहून आत्या.

"फीट आली हुती म्हणं तुला?"

"नाही गं आत्या. श्वासाचा व्यायाम करत होतो."

"व्हय व्हय. पायताण लावलं न्हवं?"

"लावलं."

"कुठल्या पायातलं?"

अण्णांची काठी उजव्या हातात होती, वाकले डावीकडं. "डाव्या," मी म्हणालो.

"तरीच! आरं, डाव्याचं लागत न्हाई. उद्या ये हिकडं, आमच्या ह्यांचं उजवं काढून ठेवती."