किती दिवसांपासून खोकताय?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावल्याची बातमी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एकच वाद धुमसतो आहे. एक बाजू म्हणते, खोकल्याचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणाला देऊच नये. दुसरी म्हणते, साध्या सर्दी-पडशाला डॉक्टरची फी भरत बसलो तर महिन्याचं गणित कोलमडेल, आणि खेड्यात डॉक्टर आहे तरी कुठे? मी इंग्लंडमध्ये राहते म्हणून मग मला विचारतात, "तुमच्याकडे चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही ना?" मिळतं. सुपरमार्केटात खोकल्याच्या बाटल्या, घशासाठी चघळायच्या गोळ्या, सर्दीच्या कॅप्सूल उघड्यावर मांडलेल्या असतात. उचला, पैसे द्या, घरी जा. भारतात आणि इथे फरक आहे, मोठा आहे, पण तो बंदीचा नाही.

छिंदवाड्यात काय झालं ते आधी नीट बघू, कारण वाद तिथेच घसरतो. 'कोल्ड्रिफ' नावाचं ते सिरप तमिळनाडूत कांचीपुरमकडे बनलेलं होतं. तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. चालणारी मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला हलवलं होतं. आणि हे सिरप बहुतेकांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिलेलं होतं. म्हणजे चिठ्ठीची सक्ती असती तरी त्या मुलांच्या पोटात तेच गेलं असतं.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाटलीत जे लिहिलंय तेच आहे का, हा पहिला. जे लिहिलंय त्याची रुग्णाला गरज आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कारखान्याच्या दारातच मिळायला हवं. सिरपमध्ये औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल लागतं. औद्योगिक वापराचं डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला गोड आणि स्वस्त. पिंपातला कच्चा माल वापरण्याआधी तपासला नाही, तर पुढे मेडिकलवाल्याला, डॉक्टरला किंवा आईला बाटली बघून काही कळायची सोय नाही. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभरावर बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण पुन्हा त्याच पिंपापाशी उभे आहोत. यावर चिठ्ठी हा उपाय नाही. तपासणी, आणि न तपासणाऱ्याला शिक्षा, हाच आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बरंच बोलायचं आहे.

सर्दी आणि सर्दीबरोबरचा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि आपला आपण बरा होतो. सर्दी आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, खोकला मात्र तीन-तीन आठवडे रेंगाळतो. औषधाने हे दिवस कमी होत नाहीत. त्रास थोडा हलका होतो, तोही थोडाच. सर्दीच्या गोळ्यांमध्ये जगभर घातलं जाणारं फिनाइलएफ्रिन घ्या. तोंडाने घेतलेलं फिनाइलएफ्रिन रक्तात पोचण्याआधीच आतड्यात आणि यकृतात बरंचसं निकामी होतं. चोंदलेल्या नाकावर त्याचा उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते विनाचिठ्ठी औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्ताव आला. ब्रिटनमध्ये ते अजून विकलं जातं आणि भारतातही. इथली कोरड्या खोकल्याची फोल्कोडिन असलेली औषधं वर्षानुवर्षं विनाचिठ्ठी मिळत होती. ती घेतलेल्यांना पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची गंभीर ॲलर्जी येऊ शकते असं दिसल्यावर मार्च २०२३ मध्ये ती बाजारातून काढली. कोडीनचं सिरपही २०२४ पासून इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, कारण लोकांना त्याचं व्यसन लागत होतं. तेव्हा 'तिकडे सगळं शास्त्रशुद्ध' असं म्हणायला मी तयार नाही.

मग फरक कुठे आहे? तो फार्मसीच्या काउंटरवर आहे.

माझे बाबा थंडीत इकडे आले होते. नाक चोंदलं, रात्री झोप नाही, आणि त्याआधीपासूनच कोरड्या खोकल्याची ढास. आम्ही फार्मसीत गेलो, बाबांनी नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांच्या खोक्याकडे बोट दाखवलं. काउंटरमागच्या फार्मासिस्ट मुलीने खोकं हातात घेतलं, पण दिलं नाही. कुणासाठी? ताप आहे का? किती दिवस झाले? आतापर्यंत काय घेतलंत? आणि आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? बाबा म्हणाले, ब्लडप्रेशरची. तिने खोकं मागच्या फळीवर परत ठेवलं आणि सांगितलं, या गोळ्यांनी तुमचं प्रेशर वाढू शकतं, ही नको. मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा फवारा दिला. बाबा मला मराठीत म्हणाले, "अगं, पैसे देतोय ना आपण? मग ही अडवते का?"

तेवढ्यात तिने प्रेशरच्या गोळीचं नाव विचारलं. रामिप्रिल. मग खोकल्याबद्दल पुन्हा विचारलं: कोरडा आहे का, घशात सारखं खवखवतं का, गोळी चालू झाल्यानंतर लागला का? नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो, कधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा, असं तिने बजावलं. पुण्याला परतल्यावर बाबांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या गटातली गोळी दिली आणि काही आठवड्यांत ढास गेली. त्याआधी ते महिनोन्महिने सिरपच्या बाटल्या रिचवत होते. प्रत्येक बाटली मेडिकलमधूनच आणलेली आणि त्याच मेडिकलमधून प्रेशरच्या गोळ्याही. दोन्ही एकाच पिशवीत घालून दिलं जात होतं आणि कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

मला भारतात बंदीपेक्षा हा प्रश्न विचारणारा माणूस हवा आहे. कायद्याने तो आहेच. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावीत असा नियम आहे, दुकानाच्या भिंतीवर चौकटीत त्याचं नावही असतं. काउंटरवर मात्र पुष्कळदा दुसराच मुलगा असतो, अतिशय चपळ, कुठल्या खणात काय आहे ते तोंडपाठ असलेला. "घसा दुखतोय, दोन दिवसांच्या गोळ्या द्या" म्हटलं की तो कात्रीने चार गोळ्यांचा तुकडा कापून पुडीत घालतो. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव अर्धं राहतं, कधी मुदतीची तारीखच जाते. त्या पुडीत पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी असते आणि तापासाठी वेगळी पॅरासिटामॉलही असते, आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो की आपण तेच औषध दोनदा घेतोय. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल यकृताला धोक्याचं. इथे खोक्यावर 'यात पॅरासिटामॉल आहे' असं ठळक छापलेलं असतं आणि १९९८ पासून एका खोक्यात साध्या दुकानात १६, फार्मसीत ३२ गोळ्यांची मर्यादा आहे. भारतात ही सूचना मराठीतून, वाचता येईल एवढ्या अक्षरात, औषधाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर मिळायला काय हरकत आहे?

लहान मुलांच्या बाबतीत तर मी ब्रिटनच्या बाजूने ठामपणे उभी आहे. २००९ पासून इथे सहा वर्षांखालच्या मुलांना नेहमीची कफ-सर्दीची औषधं द्यायची नाहीत असा नियम आहे. आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये तसंच सांगितलं: दोन वर्षांखाली अजिबात नकोत, पाच वर्षांखाली सहसा नकोत. हा सल्ला मुलं गेल्यावर आला याचं दुःख आहे, पण सल्ला बरोबर आहे. लहान मुलांत यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि गुंगी येणं, छातीत धडधडणं हे धोके खरे आहेत. आजीने मधाचं बोट चाटवलं तर वर्षाच्या पुढच्या मुलाला त्याने बरं वाटतं, इथल्या मार्गदर्शक सूचनांतही मध आहेच. वर्षाच्या आत मात्र बोटभरसुद्धा नको, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतू शकणारी विषबाधा, होऊ शकते. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देणं थांबवा. पातेलं कलंडून भाजलेल्या मुलाचं दुखणं सर्दीपेक्षा कितीतरी मोठं असतं.

इतकं म्हटल्यावर परदेशी मराठी माणसाला एक मोह होतो: 'इथल्यासारखं पाणी प्या, विश्रांती घ्या, काही घेऊ नका' हा सल्ला जसाच्या तसा घरी पाठवायचा. तो पाठवू नये. भारतातल्या खोकल्यामागे क्षयरोग असू शकतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकीची तपासणी करायची, आणि ती सरकारी केंद्रात मोफत होते. ब्रिटनमध्ये हीच सीमा तीन आठवड्यांची आहे. सिरपवर सिरप घेत महिना काढणारा माणूस त्या महिन्यात घरच्यांना आजार देत असतो. त्यातून मेडिकलमधून लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं, तर काही दिवस बरं वाटतं आणि क्षय झाकला जातो. म्हणून 'किती दिवसांपासून खोकताय?' या एका प्रश्नाचं मोल मला कुठल्याही सिरपपेक्षा जास्त वाटतं. तो विचारायला पदवी लागत नाही, मेडिकलमधला तो चपळ मुलगाही विचारू शकेल, फक्त त्याला ते शिकवायला हवं.

घशाचंही तसंच. घसा दुखतो तेव्हा बहुतेकदा विषाणूच असतात आणि अँटिबायोटिक वाया जातं. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून फार्मासिस्ट घसा तपासून गुण मोजतात: ताप आहे का, टॉन्सिलवर पू आहे का, ते लालभडक सुजलेत का, आजार तीन दिवसांच्या आतला आहे का. खोकला आणि वाहतं नाक असेल तर जिवाणूंची शक्यता उलट कमी होते. गुण भरपूर झाले तरच पेनिसिलिन. ही पद्धत भारतात आणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्याकडे अजून ऱ्हुमॅटिक ताप आहे. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूने दुखणाऱ्या घशावर वेळेत उपचार झाले नाहीत तर पाच ते पंधरा वयाच्या मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. शाळकरी मुलाला ताप आहे, घसा खूप दुखतोय आणि नाक वाहत नाही, अशा वेळी मी काढ्यावर थांबणार नाही, डॉक्टरकडे नेईन. आणि इथल्या आपल्याच लोकांना सांगेन, की सुट्टीहून परतताना बॅगेत अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या पट्ट्या कोंबून आणू नका. त्या घशासाठी नसतात, भीतीसाठी असतात.

आणखी एका गोष्टीबद्दल भारतातल्या वादात कुणी बोलताना मला दिसत नाही. माणूस इतक्या गोळ्या घेतो, कारण त्याला उद्या कामावर जायचं असतं. इंग्लंडमध्ये आजारपणाचे पहिले सात दिवस मालक डॉक्टरचा दाखला मागू शकत नाही, तुम्ही स्वतः लिहून दिलं की पुरतं. भारतात दोन दिवसांच्या सर्दीला ऑफिस दाखला मागतं, शाळा दाखला मागते. दाखल्यासाठी डॉक्टरकडे गेलं की डॉक्टरलाही रिकाम्या हाताने पाठवणं जड जातं, मग चिठ्ठीवर तीन औषधं चढतात. रोजंदारीवरच्या माणसाला तर दाखल्याचाही उपयोग नाही, त्याचा दिवस गेला की मजुरी गेली. त्याला 'विश्रांती घ्या' सांगणाऱ्याने आधी त्याच्या पगारी रजेबद्दल बोलावं.

चिठ्ठीशिवाय द्यायच्या औषधांची स्वतंत्र यादी भारतात कायद्याने आजही नीट ठरलेली नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधांचा मसुदा काढला होता. त्यात पॅरासिटामॉल होतं, नाकाचे थेंब होते, खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या चघळायच्या गोळ्या होत्या, आणि अट होती की पाच दिवसांच्या वर देऊ नये, बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जावं. मला तो मसुदा चांगला वाटला होता. एकेक औषध, सुटं, नाव कळेल असं. चार घटकांच्या मिश्रणापेक्षा हे केव्हाही बरं, कारण मिश्रणात एखादा घटक नको असला तरी तो काढता येत नाही. आता सिरपवर बंधनं आणायची चर्चा चालूच आहे, तर त्याच सपाट्यात ही यादी पक्की करा, आणि तिच्याबरोबर पाच प्रश्नांचा एक कागद प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर मराठीत लावणं सक्तीचं करा: कुणासाठी, काय होतंय, किती दिवस, काय घेतलंत, आणखी काय चालू आहे.